माझा सतरा इंची पडदा

वाळूजच्या एमआयडीसीत एका टूलरूमच्या वरच्या मजल्यावर आमचं डिझाइनचं ऑफिस आहे. खाली ग्राइंडिंग सुरू झालं की वर कपातला चहा थरथरतो. तिथं मी वीस-बावीस वर्षं फिक्श्चरची ड्रॉइंग करत आलोय. फिक्श्चर म्हणजे मशीनवर लोखंडाचा तुकडा कापताना, त्याला भोकं पाडताना तो तसूभरही हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारी बैठक. गाडीचं इंजिन सगळ्यांना दिसतं; ते बनत असताना त्याला धरून कुणी ठेवलं होतं, हे कुणाला ठाऊक नसतं. आमचं काम असं मागच्या मागं असतं.

मी लागलो त्याच आठवड्यात आणखी एक जण नोकरीला लागला होता. छावणीत राहणारा. त्याच्या वडिलांचं छावणीच्या बाजारात लष्करी कपडे शिवायचं दुकान होतं. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ. त्यामुळं आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते हाकही जोडीनंच मारायचे, "भाई-भाऊ, इकडं या." सकाळी मी उस्मानपुऱ्यातून मोटारसायकल काढायचो, छावणीत त्याला मागं घ्यायचो आणि वाळूजपर्यंत आम्ही बोलत जायचो. पोरांच्या शाळा, त्याच्या अम्मीचा गुडघा, सरांचा मूड. वाऱ्यात निम्मं ऐकू यायचं नाही, तरी उत्तरं बरोबर द्यायचो.

ड्रॉइंगमध्ये मी त्याच्यापेक्षा सरस आहे, हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. म्हणजे मला तरी तसं वाटायचं.

तीन-चार वर्षांपूर्वी एक दिवस सरांनी आम्हाला बोलावलं. "गिऱ्हाईक आता ऑफिसात येत नाही," ते म्हणाले. "त्याला मशीनपाशी उभं राहून डिझाइन बघायचंय. ही जुनी डबडी काढू आणि दोन लॅपटॉप घेऊ. पण निवडायचा तुमचा तुम्ही. नंतर माझ्याकडं कुरकुर आणायची नाही."

तिघंही निराला बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर तीन लॅपटॉप उघडून ठेवले. एक चौदा इंची, एक साडेपंधरा, एक सतरा. मी खिशात पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात आमच्याच एका मोठ्या फिक्श्चरची फाइल होती. ती मी आधी चौदा इंचीवर उघडली. डावीकडं सुट्या भागांची लांबलचक यादी, उजवीकडं मापांचे रकाने, वर बटणांची पट्टी. हे सगळं जाऊन मधे चित्राला पोस्टकार्डाएवढी जागा उरली. अक्षरं तर मुंग्या.

"साहेब, पडद्यातले ठिपके तिन्हींत सारखेच आहेत," दुकानदार म्हणाला. "अक्षरं मोठी करता येतात."

त्यानं अक्षरं मोठी केली. यादी फुगली, रकाने फुगले आणि चित्र आणखी आक्रसलं. मग मी तीच फाइल सतरा इंचीवर उघडली आणि मला मोकळं मोकळं वाटलं. अख्खं फिक्श्चर एका नजरेत. शेजारी दुसरी खिडकी उघडून मशीनचं चित्रही दिसत होतं. मी पॉलिटेक्निकला होतो तेव्हा आम्ही टेबलाएवढ्या कागदावर उभं राहून ड्रॉइंग काढायचो. तेव्हापासून माझं डोकं असंच चालतं. सगळं समोर पसरलेलं असेल तरच मला कळतं.

भाईनं फाइल उघडलीच नाही. त्यानं चौदा इंची लॅपटॉप मिटला, आपल्या खांद्यावरच्या पिशवीत घातला आणि दुकानदाराला म्हणाला, "एक चक्कर मारके आता." तो दुकानाच्या पायऱ्या उतरला, रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपर्यंत गेला आणि परत आला. दुकानदार काउंटरबाहेर येऊन उभाच होता.

"हौ," भाई म्हणाला, "ये चलता."

"मधला घ्या ना, साडेपंधरा," दुकानदार म्हणाला. "सगळे तोच नेतात."

"मधला म्हणजे ना पाठीला सुख, ना डोळ्याला," भाई म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. "पस्तावशील. ह्याच्यावर मोठं काम कसं बघणार तू?"

"जितना लगता उतना देखूंगा भाऊ. बाकीचे भाग लपवून ठेवीन. आपल्याला रोज फिरायचंय आता, सर काय म्हणाले ऐकलं नाहीस का?"

मी ऐकलं होतं. पण चांगल्या डिझायनरला कुणी फिरवत बसत नाही, अशी माझी समजूत होती. दुकानदारानं जाता जाता सांगितलं, की छोटा घेतला तर टेबलावर एक मोठा मॉनिटर जोडून टाका, दोन्ही साधतं. सर म्हणाले, "ते पुढं बघू."

पहिले दोन महिने माझे होते. खालचे टूलरूमवाले वर आले की माझ्या खुर्चीमागं गर्दी करायचे. भाई आपल्या टेबलाशी पडद्याला नाक लावून बसलेला असायचा. एक भाग बघायचा, तो लपवायचा, दुसरा काढायचा. मी मोठ्या मनानं म्हणायचो, "ये, इकडं बघ मोठ्यावर." तो यायचा, बघायचा, मान डोलवायचा. मला ते फार आवडायचं.

मग बिडकीनचं काम आलं. तिथल्या नव्या औद्योगिक वसाहतीत एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि त्यांच्या आठ-दहा मशीनची फिक्श्चर आमच्याकडं यायची होती. पहिल्या भेटीला सरांनी आम्हाला दोघांनाही नेलं. माझा लॅपटॉप, विटेएवढा त्याचा चार्जर, माउस, त्यांना पुरेल अशी बॅग. गेटपासून शेडपर्यंत चालतानाच माझा खांदा भरून आला. ज्या मशीनचं काम होतं ते शेडच्या मधोमध, आणि प्लगची जागा लांबच्या खांबाला. मोठं चित्र फिरवायला लागलं की माझी बॅटरी तास-सव्वा तास कशीबशी टिकायची, आणि वाटेत गाडीत मी उगाच लॅपटॉप चालू करून बसलो होतो. मी लॅपटॉप एका ट्रॉलीवर ठेवला. दोन मिनिटांत ऑपरेटर आला, "साहेब, ट्रॉली पाहिजे." मग मी तो दोन्ही हातांवर धरला, लग्नात वाढप्यानं परात धरावी तसा. दोन्ही हात गुंतले. आता चित्र फिरवणार कोण?

तिथं प्रॉडक्शन बघणाऱ्या एक मॅडम होत्या, तिशीच्या, चटपटीत. त्यांनी विचारलं, "ही बाजू खालून कशी दिसते?" मी "एक मिनिट हं" म्हणेपर्यंत भाई पुढं झाला होता. डाव्या तळहातावर लॅपटॉप, उजव्या हातानं चित्र फिरवतोय. तो मशीनच्या अगदी तोंडाशी गेला आणि लॅपटॉप तिथं धरून म्हणाला, "मॅडम, हे बघा, हा भाग इथं बसणार." मॅडम एकदा पडद्याकडं, एकदा मशीनकडं बघत होत्या. ऑपरेटर त्याच्याभोवती जमले. माझा पडदा तेवढ्यात काळा झाला.

निघताना मॅडम सरांना म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून यांनाच पाठवा." बोट भाईकडं होतं. मी शेजारीच उभा होतो.

गाडीत भाई म्हणाला, "पाठ दुखत असेल भाऊ, बॅग इकडं दे मांडीवर." मी दिली नाही.

त्यानंतर तो आठवड्यातून तीन-चार दिवस बिडकीनला जायला लागला. बिडकीन पैठण रोडला, वाळूज दुसऱ्याच दिशेला. कारखान्याची गाडी त्याला छावणीतून घेऊन जायची. मी एकटाच वाळूजला जायचो. छावणीतून जाताना सवयीनं गाडीचा वेग कमी व्हायचा, मग चिडून मी तो वाढवायचो. त्याला तिथले सेफ्टी शूज मिळाले, फोटो लावलेलं ओळखपत्र मिळालं. ऑफिसात आला की तिथल्या कँटीनच्या गोष्टी सांगायचा. बुधवारी अंडाकरी असते, मॅडम कामगारांच्याच टेबलावर जेवतात, एका जपानी इंजिनिअरनं त्याचं ड्रॉइंग बघून मान लववली. मी पडद्याकडं बघत "हं, हं" करायचो.

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. आणि जळायला कारण पुरेसं मोठं नाही, ह्याचाही राग यायचा. पगार आमचा सारखाच होता. त्यानं माझं काही हिसकावलं नव्हतं. माझ्यासमोर तीन लॅपटॉप होते आणि त्यातला हा मीच बोटानं दाखवला होता. एकदा जेवताना बायको म्हणाली, "तुम्हीही तसला छोटा घ्यायला पाहिजे होता." मी ताटावरून उठलो. ती बिचारी हातात पोळी घेऊन बघत राहिली.

एका दुपारी भाई नमाजाला गेला होता आणि त्याचा लॅपटॉप टेबलावर होता. ऑफिसात कुणी नव्हतं. मी उठलो, तो एका हातानं उचलला आणि दोन पावलं चाललो. एवढा हलका! जेवणाचा डबा त्याहून जड असतो. मग घाईनं जागेवर ठेवला. झाकणावर माझी बोटं उमटली होती, ती रुमालानं पुसली. शेहेचाळीस वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून बोटांचे ठसे पुसत होता.

दुसऱ्या एका दिवशी तो लॅपटॉप सुरूच होईना. भाई घाबरला, कारण तासाभरात बिडकीनची गाडी यायची होती. मला आतून इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांसाठी चहा सांगितला. पण त्यानं बटण बराच वेळ दाबून धरलं आणि तो सुरू झाला. चहा आला तोवर भाई निघूनही गेला होता.

अशा दिवसांत ती फाइल आली. बिडकीनच्या सगळ्यांत अवघड मशीनचं फिक्श्चर त्यानं एकट्यानं केलं होतं. सोबत त्यानं लिहिलं होतं, "भाऊ, तुझ्या मोठ्या पडद्यावर एकदा बघून घे. उद्या टूलरूमला द्यायचंय." तपासणीचं काम आमच्याकडं माझ्याकडंच असायचं.

मी फाइल उघडली. काम सुरेख होतं. मी चुका शोधत होतो आणि बराच वेळ एकही सापडेना. मग सवयीप्रमाणं एका खिडकीत फिक्श्चर, शेजारच्या खिडकीत मशीन असं लावलं आणि तुकड्याला वरून दाबून धरणाऱ्या पकडींचे हात उघडून बघितले. ह्या पकडीचा हात उघडला की वर उचलला जातो. चारपैकी एक हात पुरा उघडला की मशीनचं कापणारं टूल ज्या वाटेनं मागं सरकतं, त्या वाटेत दोन बोटं येत होता. टूल त्याला धडकणार होतं. भाईला ते दिसणं शक्य नव्हतं, कारण जागा करायला त्यानं मशीनचा तो सगळा भाग लपवून ठेवलेला होता. मला ते असं समोर दिसत होतं.

मी उत्तर लिहायला घेतलं. नेहमी मी चार-पाच ओळी लिहितो, कुठला भाग, किती माप, काय बदल. त्या दिवशी मी पहिली ओळ लिहिली आणि थांबलो. मनात आलं, मॅडमसमोर होऊ दे की एकदा. कळू दे त्यांना, हातावर नाचवायचा लॅपटॉप वेगळा आणि काम करायचा वेगळा. ट्रायल तर सावकाश घेतात, कुणी मरत नाही. मी ती ओळ पुसली, "ठीक आहे" एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

फिक्श्चर बनायला बारा दिवस लागले. ते आमच्याच खाली, टूलरूममध्ये बनत होतं. रोज जिना चढताना मला ते दिसायचं. पहिल्या दिवशी नुसती खालची लोखंडी पाटी, मग ठोकळे, मग पकडी. सांगायला मला रोज एक दिवस मिळत होता. सुरुवातीला सांगितलं असतं तर ड्रॉइंगवर रेघ ओढून भागलं असतं. आठवड्यानं सांगितलं असतं तर एक हात नवा करावा लागला असता. पण जितका उशीर, तितकं ‘आत्तापर्यंत का नाही बोललास’ याचं उत्तर अवघड होत गेलं. भाई एकदा खाली त्या फिक्श्चरवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, तू बघितलंस म्हणून मी निवांत आहे." मी म्हणालो, "हो, छान झालंय."

ट्रायलच्या दिवशी मी ऑफिसातच होतो. अकराच्या सुमाराला सरांचा फोन वाजला. सर ऐकत होते, मधेच "कुणाला लागलं नाही ना?" म्हणाले, आणि मी खुर्चीतून उठलो. कुणाला लागलं नव्हतं. टूल तुटलं होतं, पकडीचा हात वाकला होता आणि मॅडमनी मशीन बंद ठेवलं होतं. सरांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना लिहून घ्यायचं होतं. पलीकडून भाईचा आवाज आला.

"सर, गलती मेरी है. छोटे स्क्रीन पे दिखा नहीं. मशीन लपवून ठेवलं होतं मी."

"तपासलं नव्हतं का?" सरांनी विचारलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"भाऊंना मी वेळच दिला नाही सर," भाई म्हणाला. "घाई केली."

मी गप्प बसलो. तोंड उघडायला ह्याहून चांगली वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. दिवसभर मान खाली घालून त्यानं तो हात आखूड केला, त्याची खीळ मागं सरकवली. संध्याकाळी मी म्हणालो, "चल, छावणीत सोडतो." कितीतरी महिन्यांनी तो माझ्या मागं बसला. गोलवाडी मागं पडली. नगर नाक्याच्या अलीकडं मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"भाई, मला ते दिसलं होतं," मी म्हणालो. "तू फाइल पाठवलीस त्याच दिवशी."

तो गाडीवरून उतरला. लॅपटॉपची पिशवी त्याच्या खांद्यावर होती. "मालूम है," तो म्हणाला.

"कसं?"

"ट्रायलनंतर मी ती फाइल त्यांच्या मीटिंगच्या टीव्हीवर लावली. लपवलेलं मशीन पुन्हा आणलं चित्रात. दोन मिनिटांत दिसलं. म्हटलं, मला दोन मिनिटांत दिसतंय आणि भाऊला त्याच्या मोठ्या पडद्यावर दिसलं नाही? तुझ्या नजरेतून सुई सुटत नाही."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझा भाऊ माझ्यावर जळतो म्हणून सांगू?"

शेजारून ट्रक जात होते.

"पकड मैं बनाया," तो पुढं म्हणाला, "म्हणून गलती मेरी. ते मला कबूल आहे. पण तिथं तो ट्रॉलीवाला ऑपरेटर वाकून बघत होता भाऊ. टूल तुटलं तेव्हा तुकडा त्याच्या कानाजवळून गेला. फोनवर मी हे बोललो नाही, सर घाबरले असते. दोन पोरींचा बाप आहे तो."

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. "इथून चालत जातो," म्हणाला आणि गेला. मी गाडी लावून तिथंच बसून राहिलो. त्या ऑपरेटरचा चेहरा मला आठवत होता. माझ्याकडून ट्रॉली मागून नेणारा तोच होता.

सकाळी मी सरांच्या टेबलासमोर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा काढून विचारलं, "किती दिवस माहीत होतं तुला?"

"बनायला टाकायच्या आधीपासून."

"हा एवढा मोठा पडदा मी तुला कशासाठी दिला होता रे?"

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आता काही दिवस तपासणी तुझ्याकडं नको. आणि ते फिक्श्चर बसवायला बिडकीनला तू जायचं. भाईबरोबर. मॅडमना काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

मी गेलो. मॅडमना सांगितलं की तपासणीत माझी चूक होती, मी दिसलेलं बोललो नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "आता माझ्यासमोर प्रत्येक पकड उघडून दाखवा." दोन दिवस आम्ही तिथं होतो. भाई कामापुरतं बोलत होता, "पाना दे," "थोडं वर," "बस." मी त्या ऑपरेटरशी बोलायला गेलो तर त्याला वाटलं मला पुन्हा ट्रॉली हवी आहे. तो म्हणाला, "घ्या साहेब, आज मोकळी आहे." मी त्याची माफी मागितली तेव्हा त्याला नीटसं कळलंच नाही कशाबद्दल. "होतं साहेब मशीनवर असं," तो म्हणाला. त्याची ती सहज माफी मला फार जड गेली.

इथं माणूस शहाणा व्हायला पाहिजे होता. पण पुढच्याच आठवड्यात सरांनी भाईच्या टेबलावर एक मोठा मॉनिटर आणून बसवला, सत्तावीस इंची, क्षेत्रफळानं माझ्या पडद्याच्या दुपटीहून मोठा. ऑफिसात आला की तो आपला छोटा लॅपटॉप एका वायरीनं त्याला जोडायचा आणि अख्खं मशीन पसरायचा. बाहेर जायचं झालं की वायर काढून, लॅपटॉप काखेत मारून चालू पडायचा. दुकानदार पहिल्याच दिवशी हेच सांगत होता. माझ्यापाशी मात्र ना धड फिरता येईल असं काही, ना आता सगळ्यांत मोठा पडदा. आणि मला पुन्हा जळजळ सुरू झाली. एवढं सगळं होऊन, एवढी लाज वाटूनही. पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. तेव्हापासून मी एक ठरवलं, की आतून काहीही होऊ दे, दिसलेली चूक दिसली त्या मिनिटाला बोलायची. मन आवरणं माझ्या हातात नव्हतं, तोंड उघडणं होतं. सहा महिन्यांनी सरांनी तपासणी परत दिली, तेव्हा मी भाईच्या ड्रॉइंगवर इतकं लिहायला लागलो की एकदा तो चिडून म्हणाला, "आता कॉमाच्या चुका पण काढ भाऊ." रागानंच म्हणाला, पण त्या दिवसापासून थोडं बोलायला लागला.

वर्षभरानं बिडकीनच्या कारखान्यानं त्याला आपल्याकडंच नोकरी दिली. मोठं पद, गाडी, हाताखाली माणसं. त्याच्या शेवटच्या दिवशी सरांनी पेढे वाटले. मी त्याला मिठी मारली आणि तेव्हाही आत ते जळणं होतंच. पण सोबत दुसरंही काही होतं. ऑफिसात उद्या ‘भाई-भाऊ’ अशी हाक येणार नाही, हे मला आदल्या दिवसापासून खात होतं.

आता मी महिन्यातून एकदा त्याच्याकडं जातो, आमच्या टूलरूमची फिक्श्चर घेऊन. तो गिऱ्हाईक आणि मी पुरवणारा. ट्रायलच्या आधी तो स्वतः येतो, प्रत्येक पकड हातानं उघडून बघतो आणि मगच सही करतो. मी शेजारी उभा असतो. तो ते माझ्यामुळं करतो की कुणाच्याही बाबतीत करतो, हे मी विचारलेलं नाही.

मागच्या खेपेला कँटीनमध्ये जेवत होतो. तो म्हणाला, "थक गया भाऊ. दिवसभर मीटिंगा. आठ महिन्यांत एक ड्रॉइंग केलं नाही मी. डिझाइन विसरलो बहुतेक."

ऐकून मला आत कुठंतरी हलकं वाटलं. ते मला कळलंही. मी घास खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "तुला त्रास होतोय हे ऐकून मला बरं वाटलं बघ."

तो हसला, मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"हौ," तो म्हणाला, "तेरे मुंह पे दिखता." आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात आणखी भाजी घालायला लावली.